पेशवे उद्यानांतून कात्रजला



बिऱ्हाड हलवावयाचें म्हटलें कीं घरांतील कर्त्या मंडळींची कशी तारांबळ उडते, हें आपणांपैकीं बहुतेकांस अनुभवानें ठाऊक आहे. भांडीं मोजावीं, ट्रंका बांधाव्या, हातगाडीवाल्याशीं घासाघीस करावी, आणि नव्या जागेंत पोहोंचल्यावर नेमकी चहाची किटली जुन्या जागेंत राहिल्याचें लक्षांत यावें! पण ज्या बिऱ्हाडांत वाघ, अस्वल, हरणें आणि माकडें अशी मंडळी आहे, तें उचलून दुसरीकडे न्यावयाचें झाल्यास काय करीत असतील? पुण्याच्या महानगरपालिकेनें असें एक बिऱ्हाड पर्वतीच्या पायथ्याजवळील पेशवे उद्यानांतून उचलून कात्रजला नेलें. १९९९ मध्यें सुरू झालेलें हें काम २००५ मध्यें पुरें झालें. त्याची हकीकत आज सांगावयाची आहे. आणि ती सांगतां सांगतां, रानांतल्या जनावरासाठीं घर बांधावयाचें म्हणजे नेमकें काय बांधावयाचें, याचाहि थोडा विचार करावयाचा आहे.

पर्वतीच्या पायथ्याशीं जनावरें पाळण्याची रीत पुण्यास नवी नव्हे. पेशव्यांचा शिकारखाना त्याच बाजूस होता, आणि सवाई माधवरावांस पशुपक्ष्यांची लहानपणापासून मोठी हौस होती. इंग्रजांचा वकील मॅलेट याच्या पदरीं गंगाराम तांबट नांवाचा पुण्याचा एक चित्रकार होता. त्यानें १७९० च्या नोव्हेंबरांत या शिकारखान्यांतील गेंड्याचें चित्र काढलें. तें आज अमेरिकेंत येल विद्यापीठाच्या संग्रहांत आहे. गेंडा हा कांहीं सह्याद्रींतला प्राणी नव्हे. तो दूरदेशाहून पुण्यापर्यंत आणावयाचा आणि पोसावयाचा, तो मुख्यतः दाखविण्यासाठीं. जनावर हें धन्याच्या वैभवाची साक्ष असे, आणि साक्षीदारास कोठें व कसें उभें करावें हें धन्यानें ठरवावें, हा त्या काळचा सर्व जगाचाच रिवाज होता.

१९५३ मध्यें पालिकेनें पेशवे उद्यान उघडलें तें या आठवणीच्या जागींच म्हणावयाचें. जागा सारी सात एकर. ८ एप्रिल १९५६ पासून तेथें मुलांची ‘फुलराणी’ ही छोटी आगगाडी धांवूं लागली. माझ्या लहानपणीं मे महिन्याच्या सुटींत मुंबईहून मामेभावंडें आलीं कीं एका संध्याकाळचा कार्यक्रम ठरलेला असे: सारसबागेंतल्या गणपतीचें दर्शन, फुलराणीची एक फेरी, वाघाच्या पिंजऱ्यापुढें दहा मिनिटें, आणि परततांना भेळ. गाडीची शिटी, तिकिटासाठीं लागलेली रांग आणि वाघाच्या पिंजऱ्याजवळ येणारा तो उग्र दर्प, हीं सारीं मला अजून आठवतात. आम्हीं वाघ अगदीं जवळून पाहिला. वाघाला आम्ही इतक्या जवळ आलेले आवडत असेल काय, हा प्रश्न मात्र आमच्यापैकीं कोणाच्या मनांत आला नाहीं. आणि खरें सांगावयाचें तर आमच्या वडीलधाऱ्यांच्याहि मनांत आला नाहीं.

तो प्रश्न ज्यांच्या मनांत आला त्यांपैकीं एका गृहस्थाचें नांव येथें सांगितलें पाहिजे. हायनी हेडिगर हे स्वित्झर्लंडांतील प्राणिशास्त्रज्ञ. बर्न, बाझेल आणि झुरिच या तीन शहरांचीं प्राणिसंग्रहालयें त्यांनीं एकामागून एक सांभाळलीं. १९४२ मध्यें, युद्धाच्या धामधुमींत, त्यांनीं बंदिवासांतील रानटी प्राण्यांवर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांतील एक विचार अगदीं साधा आहे, पण तो समजल्यावर कोणताहि पिंजरा पूर्वीच्या डोळ्यांनीं पाहतां येत नाहीं. शत्रु किती जवळ आला म्हणजे पळावयाचें, याचें प्रत्येक जातीच्या प्राण्याच्या मनांत एक माप असतें. त्या मापाच्या बाहेर तुम्ही उभे असाल तर हरीण निवांत चरत राहतें. एक पाऊल आंत टाकलेंत कीं तें उधळतें. पळावयास वाट नसेल, तर मात्र गरीब दिसणारें जनावरहि उलटून अंगावर येतें. आतां बारा फूट लांबीरुंदीचा पिंजरा घ्या. प्रेक्षक समोरच्या गजांना टेकून उभा आहे. जनावर मागच्या भिंतीला चिकटून बसलें तरी तें त्या मापाच्या आंतच राहतें. म्हणजे दाराशीं सावकार बसला आहे, मागचें दार बंद आहे, आणि हें सकाळपासून संध्याकाळपर्यंत रोज चालावयाचें! कांहीं प्राणी या गोष्टीला सरावतात. कांहीं सरावत नाहींत. ते मग त्याच त्या ठिकाणीं वळून येरझारा घालूं लागतात, किंवा अस्वलाप्रमाणें उभ्या जागीं डोकें डोलवीत राहतात. जुन्या पद्धतीच्या कोणत्याहि संग्रहालयांत हें दृश्य दिसे, आणि ‘पाहा, अस्वल कसें नाचतें आहे’ म्हणून आपण तें मुलांना कौतुकानें दाखवीत असूं.

हेडिगर यांनीं आणखीहि एक गोष्ट सांगितली, आणि ती दयाळू मंडळींस थोडी कडू लागण्याजोगी आहे. रानांतलें जनावर वाटेल तेथें स्वच्छंद हिंडतें, ही आपली कविकल्पना. वस्तुतः त्याचा मुलूख ठरलेला असतो. पाणी पिण्याची जागा, अंग घासण्याचें झाड, झोंपण्याची जाळी, जाण्यायेण्याची पायवाट, सारें नेमलेलें असतें. म्हणून त्याला नुसतें पुष्कळ मैदान देऊन भागत नाहीं. उघडें माळरान कुंपण घालून दिलें, तरी लपावयास जागा नसेल तर त्याच्या दृष्टीनें तो मोठा पिंजराच.

गज काढून टाकण्याची युक्ति त्याआधींच निघाली होती. जर्मनींत हांबुर्गजवळ स्टेलिंगेन येथें कार्ल हागेनबेक या प्राण्यांच्या व्यापाऱ्यानें १९०७ मध्यें एक नवें उद्यान उघडलें. तेथें प्रेक्षक आणि सिंह यांच्यामध्यें गजांऐवजीं खोल खंदक होता, आणि तो अशा खुबीनें झांकलेला कीं दुरून पाहणाऱ्यास सिंह मोकळाच उभा आहे असें वाटे. हागेनबेक हा कांहीं साधुपुरुष नव्हता. त्याला तमाशा उत्तम वठवावयाचा होता. पण त्याच्या धंद्याच्या हुशारीनें जनावराचें आणि माणसाचें अंतर आपोआप वाढलें, आणि दोघांचीहि सोय झाली. दिल्लीचें प्राणिसंग्रहालय १९५९ मध्यें उघडलें, त्याच्या आंखणींत याच हागेनबेक घराण्यांतील एका वंशजाचा सल्ला घेतलेला होता.

आपल्याकडे या विचारास कायद्याचें पाठबळ मिळावयास बराच काळ लागला. वन्यजीवांच्या संरक्षणाचा कायदा १९७२ चा. त्यांत १९९१ मध्यें दुरुस्ती होऊन १९९२ मध्यें केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण स्थापन झालें. या संस्थेची मान्यता असल्यावांचून कोणासहि प्राणिसंग्रहालय चालवितां येत नाहीं. तिनें निरनिराळ्या प्राण्यांसाठीं जागेचीं किमान मापें ठरवून दिलीं आहेत. वाघाच्या एका जोडीला बाहेरचें मोकळें आवार १००० चौरस मीटर, बिबट्याच्या जोडीला ५००. आतां सात एकर म्हणजे सुमारें २८,००० चौरस मीटर. त्यांतून रस्ते, झाडें, आगगाडीचा रूळ, लोकांना बसावयाची जागा आणि नोकरांच्या खोल्या वजा करा, आणि मग वाघ, सिंह, बिबटे, अस्वलें, चितळ, सांबर, माकडें, मगरी व पक्षी त्यांत बसवून पाहा. ज्या गृहिणींनीं दोन खोल्यांत दहा माणसांचा संसार केला आहे त्यांनाहि हें गणित सुटणार नाहीं. शिवाय भोंवतीं शहर वाढलेलें. स्वारगेटच्या मोटारगाड्यांचा आवाज पहाटेपासून मध्यरात्रीपर्यंत. जागा वाढवावयास वाव नव्हता. तेव्हां हलणें हा एकच मार्ग उरला.

कात्रज ही जागा सुचली याला एक पूर्वतयारी होती. १९८६ मध्यें पालिकेनें तेथें सर्पोद्यान काढलें होतें. नीलीमकुमार खैरे यांनीं त्याची धुरा उचलली. हे तेच गृहस्थ, ज्यांनीं १९८० च्या जानेवारींत पुण्यांत ७२ विषारी सापांसह ७२ तास एका खोलींत काढले होते. साप विनाकारण चावत नाहीं हें लोकांना पटविण्याचा हा मार्ग मला तरी थोडा धाडसाचा वाटतो. पण पुण्यांतील पुष्कळ घरांतून साप दिसतांच काठी शोधण्याऐवजीं सर्पमित्रास बोलावणें जाऊं लागलें, त्यांत त्यांचा वांटा मोठा आहे. या सर्पोद्यानाच्या आसपास मिळून १३० एकर जागा उपलब्ध झाली. सात एकरांच्या अठरापटीहून अधिक! १९९९ च्या मार्चांत पेशवे उद्यानांतील बहुतेक प्राणी तेथें नेण्यांत आले, उद्यानास राजीव गांधी यांचें नांव मिळालें, आणि २००५ मध्यें उरलेले प्राणीहि गेल्यावर जुनें संग्रहालय बंद झालें.

अंतर म्हणाल तर सातआठ किलोमीटरच. पण वाघाला टांग्यांत बसवून नेतां येत नाहीं. या कामाची रीत अशी: प्रवासाचा मजबूत लाकडी किंवा लोखंडी पेटारा त्याच्या नेहमींच्या खोलीच्या दाराला अगोदर कित्येक दिवस जोडून ठेवतात. जनावर त्याच्याकडे संशयानें पाहतें. मग त्याचें खाणें रोज थोडें थोडें आंत सरकवीत नेतात. एक दिवस तें पुढचे पाय आंत ठेवून मांस ओढून नेतें. मग केव्हां तरी आंतच उभें राहून खातें. आणि असें निर्धास्तपणें खाऊं लागल्यावर एका पहाटे मागचें दार हळूच खालीं येतें. बेशुद्धीचें औषध सुईनें देण्याचीहि सोय असते, पण त्यांत धोका असल्यामुळें जाणते लोक या धीराच्या मार्गालाच पसंती देतात. प्रवास थंड वेळीं. पेटाऱ्यावर कापड, म्हणजे रस्त्यांतला गलबला दिसूं नये. नव्या जागीं उतरविल्यावर त्याला लगेच मैदानांत सोडीत नाहींत. प्रथम रात्रीच्या खोलींत ठेवतात. तेथला वास, तेथला रखवालदार आणि दाराचा आवाज ओळखीचा झाला म्हणजे मग बाहेरचें दार उघडतात. जन्मभर फरशीवर राहिलेलें जनावर गवतावर पाय ठेवतांना अडखळतें. दार उघडूनहि कांहीं तर दिवसचे दिवस उंबऱ्यावर बसून राहतात.

ही रात्रीची खोली पाहणाऱ्यास कधींच दिसत नाहीं. परंतु माझ्या मतें नव्या घराचा सर्वांत महत्त्वाचा भाग तोच. नियमाप्रमाणें वाघाची खोली निदान पावणेतीन मीटर लांब, १.८० मीटर रुंद आणि तीन मीटर उंच असावी लागते, आणि दर जनावरास स्वतंत्र, म्हणजे जेवणावरून भांडण नको. संध्याकाळीं मांस आंत ठेवलें कीं वाघ आपल्या पायांनीं घरीं येतो. बाहेरून दोर किंवा दांडा ओढून दार पाडतात. मग रखवालदार मोकळ्या आवारांत जाऊन सफाई करतो. सकाळीं याच्या उलट. माणूस आणि वाघ एका कुंपणांत कधींहि एकत्र येतां कामा नये, यासाठीं दुहेरी दारें, आणि एक बंद झाल्याचें डोळ्यांनीं पाहिल्यावांचून दुसरें उघडावयाचें नाहीं हा दंडक. मागें किती मांस उरलें यावरून जनावराची प्रकृति कळते. जो वाघ दोन दिवस जेवला नाहीं त्याला पाहावयास वैद्य येतो. त्याच्यासाठीं एक अरुंद पिंजराहि असतो, ज्याची एक भिंत सरकवून जनावर हलकेंच आवळून धरतां येतें व सुई टोंचतां येते. आठवड्यांतून एक दिवस मांसाहारी प्राण्यांना सामान्यतः उपास घडवितात, कारण रानांत त्यांना रोज शिकार मिळत नाहीं. एकादशीच्या पुण्यांत या गोष्टीचें नवल वाटूं नये.

खंदकाची रचनाहि विचार करण्यासारखी आहे. जनावराच्या बाजूनें तो उतरता असतो, म्हणजे तें चुकून घसरलें तरी परत चढून जाईल. प्रेक्षकाच्या बाजूस सरळ उभी भिंत. खंदकांत पाणी असलें म्हणजे वाघ अडतो हा गैरसमज आहे. वाघ उत्तम पोहतो. पाण्यांत बसणें हा त्याचा उन्हाळ्यांतला विसावाच. त्याला अडविते ती भिंत. बिबट्याला मात्र खंदक आणि भिंत दोन्ही अपुरीं, कारण तो चढतो. त्याच्या आवारावर जाळीचें छप्परच घालावें लागतें. हरणांचें सगळें उलट. त्यांना कोंडण्यापेक्षां त्यांच्या भीतीपासून त्यांना जपावयाचें असतें. कांहीं दचकवणारें घडलें तर कळप सैरावैरा सुटतो आणि कुंपणावर आदळून माना मोडतात. म्हणून कुंपणाचे कोपरे गोल करावे लागतात आणि मध्यें झुडपें ठेवावीं लागतात. मगरीला ऊन आणि सांवली दोन्ही हवींत, आणि अंडीं घालावयास मऊ वाळू. माणसांसाठींहि बाहेर एक कठडा असतो, तो निष्कारण नव्हे. दिल्लीस २०१४ च्या सप्टेंबरांत एक तरुण पांढऱ्या वाघाच्या खंदकांत पडून प्राणास मुकला, हें आपण विसरलों नसाल.

आतां एवढें सारें नीट बांधलें म्हणजे काम संपलें काय? तसें नाहीं. २०२४ च्या मार्चांत कात्रज येथील एक बिबट्या कोंडींतून निसटला आणि शोधाशोधीनंतर उद्यानाच्या आवारांतच सांपडला. २०२५ च्या जुलैंत अवघ्या कांहीं दिवसांत पंधराहून अधिक चितळ दगावले. लाळ्या-खुरकूत रोगाचें निदान झालें. खुरकूत हा गुराढोरांचा रोग. गोठ्यांतून चाऱ्यावाटे, गाडीच्या चाकांवाटे, माणसाच्या चपलांवाटेहि तो पसरतो. हरणें कळपानें राहतात, एका कुंडांत पाणी पितात. मोकळें आवार हा त्यांचा आनंद, आणि सांथींत तेंच संकट. गज असोत वा खंदक, दाराची कडी रोज तपासणारा माणूस, नवें जनावर आल्यावर कांहीं दिवस वेगळें ठेवण्याची शिस्त आणि चारा कोठून येतो याची चौकशी यांवाचून नवें घर जुन्याहून सुरक्षित होत नाहीं.

आणि येथेंच माझी थोडी तक्रार आहे. नगरसंस्था कोणतीहि असो, नवें जनावर आणण्याची घोषणा करणें तिला आवडतें, कारण वर्तमानपत्रांत चित्र छापून येतें. मुंबईच्या राणीच्या बागेंत २०१६ मध्यें पेंग्विन आले, त्यांच्यासाठीं यंत्रानें थंड ठेवलेलें दालन बांधावें लागलें. त्यावर मुंबईकरांनीं केवढा वाद केला! मुलांनीं मात्र तेथें गर्दी केली, आणि त्यांना दोष देववत नाहीं. पण परदेशचा एखादा प्राणी आणण्याची योजना पुढें आली कीं नागरिकांनीं विचारावयाचा पहिला प्रश्न ‘कोणता प्राणी?’ हा नसून ‘त्याच्या रात्रीच्या खोल्या किती, आणि त्याच्यावर नेमलेलीं माणसें किती?’ हा असला पाहिजे. रखवालदाराचा पगार आणि वैद्याची खोली यांचें उद्‌घाटन कोणी करीत नाहीं.

स्थलांतरांत गमावलें कांहींच नाहीं असें मी म्हणणार नाहीं. पेशवे उद्यान शहराच्या हृदयांत होतें. पेठेंतील आजोबा नातवाचें बोट धरून पायीं जाऊं शकत. दमडीचा खर्च नसे म्हटलें तरी चालेल. कात्रजला जावयाचें म्हणजे बस पकडावी, डबा घ्यावा, अर्धा दिवस मोकळा ठेवावा. आंत १३० एकरांत पाय दुखतात, म्हणून वृद्धांसाठीं बॅटरीवरच्या गाड्या आहेत. नानासाहेब पेशव्यांनीं अठराव्या शतकाच्या मध्यास कात्रजला तलाव बांधून तेथलें पाणी दगडी नळानें पुण्याच्या हौदांत आणलें. पाणी कात्रजहून शहराकडे आलें, आणि अडीचशें वर्षांनीं जनावरें शहरांतून त्या पाण्याकडे गेलीं. या व्यवहारांत नफा जनावरांचा झाला आणि गैरसोय आपली. मला तरी तो सौदा योग्य वाटतो. जुन्या जागीं आतां मुलांसाठीं ऊर्जा-उद्यान आहे.

गेल्या हिवाळ्यांत मी नातवाला घेऊन कात्रजला गेलों. बुधवारीं उद्यान बंद असतें, तो वार टाळून, सकाळीं दार उघडतांच आंत शिरलों. वाघाच्या खंदकापाशीं उभे राहिलों तों समोर नुसतें गवत आणि बांबूचें बेट. पांच मिनिटें गेलीं. शेजारचें एक कुटुंब ‘येथें कांहीं नाहीं’ म्हणून पुढें निघून गेलें. नातूहि हात ओढूं लागला. मीं त्याला म्हटलें, ‘वाघ घरांतच आहे; त्यानें अजून भेटीची वेळ दिली नाहीं, एवढेंच.’ त्यानें थोडा विचार करून विचारलें, ‘आजोबा, तो आपल्याला पाहत असेल का?’ मीं म्हटलें, असेल. मग तो कठड्याला हनुवटी टेकून, न बोलतां, माझ्या घड्याळाप्रमाणें तेवीस मिनिटें उभा राहिला. बेटांत कांहीं तरी हललें. पिवळें काळें एक कूस दिसलें, मग एक कान, आणि मग पुन्हां बांबू.